हीनाधिक माप : विजेच्या मोटारीचा अपघात आणि विम्याची अपुरी भरपाई

अपघातात कुणाला इजा झाली नाही, एवढे कळले की घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो. मोटारीचे काय व्हायचे ते होवो, विमा आहेच, असे सारे एकमेकांना सांगतात. खरी काळजी सुरू होते ती आठ-पंधरा दिवसांनी. तोवर हातात दोन कागद आलेले असतात : एक वर्कशॉपने दिलेले दुरुस्तीचे अंदाजपत्रक आणि दुसरे विमा कंपनीने मान्य केलेल्या रकमेचे पत्र. दोहोंतील फरक हजारोंचा, कधी लाखाच्याही वर असतो. मधल्या काळात मोटार वर्कशॉपमध्ये उभी असते आणि फरक कोण भरणार, हा प्रश्न घरात उभा असतो.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतही आता हिरव्या नंबरप्लेटच्या मोटारी सहज नजरेस पडतात. पेट्रोलचा खर्च वाचावा, हवा थोडी तरी स्वच्छ राहावी, जीवहिंसेला व प्रदूषणाला आपल्या हातून कमीत कमी हातभार लागावा, अशा विचाराने अनेक कुटुंबांनी त्या घेतल्या. बहुतेकांनी त्यासाठी बँकेचे कर्ज काढले आहे. अशा घराला लाख-सव्वा लाख रुपयांचा अनपेक्षित खर्च म्हणजे मुलांच्या शिक्षणासाठी वा वडीलधाऱ्यांच्या औषधोपचारासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला हात लावणे होय.

या प्रसंगी दोन प्रकारचे वर्तन आढळते. काही जण कंपनीचे पत्र हा निवाडाच मानून निमूटपणे सही करतात. काही जण रागाने संपूर्ण रकमेचा आग्रह धरतात आणि शेवटी थकून तीच सही करतात. दोघांनीही एक काम केलेले नसते : कापलेली रक्कम कोणकोणत्या बाबींवर आणि कोणत्या आधाराने कापली, हे ओळीओळीने तपासलेले नसते.

एका शब्दाची किंमत

मोटारविम्यात नव्या सुट्या भागाची पूर्ण किंमत मिळत नाही. जुना भाग काही काळ वापरलेला असतो, म्हणून त्याच्या वयानुसार घसारा वजा होतो. त्याचे कोष्टक २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफमध्ये दिलेले आहे. रबर, नायलॉन व प्लास्टिकचे भाग, टायर, ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर सरसकट ५० टक्के घसारा. फायबरग्लासवर ३० टक्के. काचेवर काहीही नाही. धातूसह इतर भागांवर मोटारीच्या वयानुसार घसारा : पहिले सहा महिने शून्य, एक वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५ आणि दहा वर्षांपर्यंत ४० टक्के. पुढे २००७ मध्ये स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्याचे दर खुले झाले. पॉलिसीची शब्दरचना मात्र बहुतांशी जुन्याच वळणाची राहिली.

या कोष्टकातील ‘बॅटरी’ हा शब्द लिहिला गेला तेव्हा डोळ्यांपुढे होती ती बॉनेटखालची शिसे-आम्लाची छोटी पेटी. ती काही हजारांत मिळते. तिच्यावर निम्मी रक्कम कापली गेली, तरी कुणाच्या लक्षातही येत नसे. विजेच्या मोटारीत बॅटरी हाच सर्वांत महागडा भाग असतो. ती मोटारीच्या तळाशी, आसनांच्या खाली, चाकांच्या मधल्या जागेत पसरलेली असते. २०२० च्या जानेवारीत बाजारात आलेल्या नेक्सॉन ईव्हीच्या पहिल्या आवृत्तीत ती ३०.२ किलोवॉट-तास क्षमतेची होती. नंतरच्या मोटारींत याहून मोठ्या बॅटऱ्या आल्या. पेटीसाठी लिहिलेला शब्द आता मोटारीच्या किमतीचा मोठा हिस्सा व्यापणाऱ्या भागाला लागू होतो.

शिवाय ही बॅटरी एकसंध वस्तू नाही. तिच्यात विद्युतघट असतात, त्यांवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, थंड ठेवणाऱ्या नळ्या व पट्ट्या असतात आणि या सर्वांना सामावणारे धातूचे कवच असते. रस्त्यावरील दुभाजकाचा कठडा किंवा खड्ड्याची कड तळाला घासली, तर अनेकदा मार बसतो तो कवचाला. अशा वेळी कवचाची किंमत ‘बॅटरी’ म्हणून ५० टक्के कापायची, की धातूचा भाग म्हणून वयानुसार? पॉलिसीत याचे स्पष्ट उत्तर नसेल, तर तो चर्चेचा मुद्दा आहे आणि विमेदाराने तो अवश्य मांडला पाहिजे.

‘झिरो डेप’ म्हणून ओळखले जाणारे पूरक संरक्षण घेतलेले असले, तरी निर्धास्त राहू नये. त्याच्या काही शब्दरचनांत टायर, ट्यूब आणि बॅटरी वगळलेल्या असतात. नूतनीकरणाच्या वेळी हप्त्याची रक्कम पाहण्यापूर्वी हे एक वाक्य वाचावे आणि विद्युत-बॅटरीसाठी वेगळे संरक्षण उपलब्ध आहे का, हे लेखी विचारावे.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. ब्रिटनमधील थॅचम रिसर्च या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विजेच्या मोटारींच्या अपघाती दाव्यांचा खर्च इतर मोटारींपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आणि दुरुस्तीचा काळ सुमारे १४ टक्क्यांनी अधिक आढळला. त्याच वर्षी कॅनडातील एका प्रकरणाची मोठी चर्चा झाली. मोटारीच्या तळाला किरकोळ वाटणारी इजा झाली होती. नव्या बॅटरीचा सांगितलेला खर्च मात्र ६०,००० कॅनेडियन डॉलरच्या घरात, म्हणजे खुद्द मोटारीच्या किमतीपेक्षाही अधिक होता.

मुंबईत आणखी एक अडचण आहे. पेट्रोलच्या मोटारीचा एखादा भाग महाग सांगितला गेला, तर ऑपेरा हाऊस परिसरातील सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करून तुलना करता येते. उच्च दाबाच्या बॅटरीचे भाग असे खुल्या बाजारात मिळत नाहीत. ते निर्मात्याच्या अधिकृत केंद्रातूनच येतात. त्यामुळे ‘बाजारभावाने एवढेच होते’ असे कंपनीने म्हटले, तर तो बाजारभाव कोठला, हे विचारण्याचा विमेदाराला पुरेपूर आधार आहे.

आकडे मांडून पाहावेत

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मोटार चौथ्या वर्षात आहे, झिरो डेप घेतलेले नाही. जीएसटी बाजूला ठेवून वर्कशॉपचे अंदाजपत्रक असे आहे : बॅटरीचे धातूचे कवच १,२०,००० रुपये, इतर पत्र्याचे भाग ८०,०००, बंपर व प्लास्टिकचे भाग ४०,०००, समोरची काच २०,०००, मजुरी ३५,०००, उच्च दाबाच्या प्रणालीची सुरक्षित जोडणी व तपासणी २५,०००, रंगकाम ४०,०००. एकूण ३,६०,००० रुपये.

सर्व्हेअरने कवच ‘बॅटरी’त धरून ६०,००० मान्य केले. पत्र्यावर २५ टक्के वजा करून ६०,०००, प्लास्टिकवर निम्मे म्हणजे २०,०००, काच पूर्ण २०,००० आणि मजुरी ३५,००० धरली. तपासणीचा खर्च ‘दुरुस्तीशी संबंधित नाही’ म्हणून नाकारला. एकत्रित रंगकामाच्या बिलात चतुर्थांश हिस्सा साहित्याचा मानून त्यावर ५० टक्के घसारा लावण्याची रीत आहे. म्हणून ५,००० कापून ३५,००० दिले. बेरीज २,३०,००० झाली. अनिवार्य वजावटीचे १,००० गेल्यावर हाती २,२९,००० रुपये. फरक १,३१,००० रुपयांचा.

आता हा फरक दोन ढिगांत विभागावा. पत्र्यावरील २०,०००, प्लास्टिकवरील २०,०००, रंगाचे ५,००० आणि वजावटीचे १,००० ही ४६,००० रुपयांची कपात कराराप्रमाणेच आहे. कवच धातूचे मानले, तरी २५ टक्क्यांनी ३०,००० कापले जातीलच. म्हणजे ७६,००० रुपयांवर वाद घालण्यास आधार नाही. उरतात कवचावर जादा कापलेले ३०,००० आणि तपासणीचे २५,०००, असे ५५,००० रुपये. भांडायचे ते एवढ्यासाठीच.

जो विमेदार पूर्ण १,३१,००० रुपये मागतो, त्याच्या पत्राला कंपनी घसाऱ्याचे कोष्टक जोडून एका ओळीत उत्तर देऊ शकते. जो नेमके ५५,००० मागतो आणि प्रत्येक रुपयाचे कारण देतो, त्याच्या पत्राला कारणानेच उत्तर द्यावे लागते.

मोठ्या नुकसानीत आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. दुरुस्तीचा एकूण खर्च मोटारीच्या विमाघोषित मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर मोटार पूर्णतः निकामी झाली असे मानले जाते आणि भरपाई आयडीव्हीच्या आधारे ठरते. संपूर्ण बॅटरी बदलायची वेळ आली, तर ही मर्यादा लवकर ओलांडली जाते. मोटार कर्जाऊ असेल, तर ती रक्कम प्रथम बँकेकडे जाते. कर्जाची बाकी अधिक असल्यास उरलेले हप्ते मोटार नसतानाही फेडावे लागतात. नूतनीकरणाच्या वेळी हप्ता कमी व्हावा म्हणून आयडीव्ही खाली आणणे किती महागात पडू शकते, हे यावरून दिसते.

सर्व्हेअरचा अहवाल किती अंतिम?

१९३८ च्या विमा कायद्यातील कलम ६४ यूएम अन्वये ठरावीक रकमेपलीकडच्या दाव्यांत परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल आवश्यक असतो. मात्र त्या अहवालाहून वेगळ्या रकमेला दावा मिटवण्याची मुभाही त्याच कलमाने विमा कंपनीला दिली आहे. म्हणून ‘सर्व्हेअरने एवढेच दिले, आमचे हात बांधलेले आहेत’ हे उत्तर पुरेसे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ‘न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार’ या २००९ च्या निवाड्यात हा मुद्दा स्पष्ट केला. अपघातग्रस्त ट्रकच्या दुरुस्तीखर्चाचा तो वाद होता. सर्व्हेअरचा अहवाल दावा मिटवण्याचा आधार ठरू शकतो. पण तो अखेरचा शब्द नाही, त्यापासून दूर जाताच येत नाही इतका तो पवित्र नाही आणि तो विमेदारावरही बंधनकारक नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. विमेदाराच्या बाजूने उभी राहिली ती दुरुस्तीची बिले आणि कागदपत्रे. त्याच वर्षीच्या ‘श्री वेंकटेश्वरा सिंडिकेट’ प्रकरणात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली : आपल्याला हवा तसा अहवाल मिळेपर्यंत कंपनीला एकामागून एक सर्व्हेअर नेमता येणार नाहीत, पहिला अहवाल नाकारायचा तर कारणे द्यावी लागतील.

दुसरी बाजूही जाणून घ्यावी. २०२१ च्या ‘खटेमा फायबर्स’ निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सर्व्हेअरने आपले कर्तव्य आचारसंहितेनुसार पार पाडले असेल, तर ग्राहक आयोगाने त्याच्या अहवालाची सूक्ष्म शवचिकित्सा करीत बसू नये. याचा व्यवहारी अर्थ असा की, ‘रक्कम कमी वाटते’ ही तक्रार टिकत नाही. अहवालात कोणती बाब तपासलीच नाही, कोणता पुरावा दुर्लक्षिला, कोणता घसारा चुकीच्या वर्गाने लावला, हे दाखवावे लागते.

हरकत कशी लिहावी

पहिली तयारी अपघातस्थळीच होते. मोटार हलवण्यापूर्वी चारही बाजूंची, तळाची आणि रस्त्याची छायाचित्रे घ्यावीत. तळाला मार बसला असल्यास मोटार सुरू करू नये, चार्जिंगला लावू नये, नारिंगी रंगाच्या केबलला हात लावू नये. चाळीच्या वा इमारतीच्या जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांजवळ ती उभी करू नये. कंपनीला तत्काळ कळवावे आणि पाहणी होण्यापूर्वी दुरुस्तीस हात घालू देऊ नये.

पहिले अंदाजपत्रक बहुधा वरवरच्या पाहणीवर आधारलेले असते. मोटार उघडल्यानंतर आतील इजा दिसली, तर वर्कशॉपकडून पुरवणी अंदाजपत्रक घेऊन सर्व्हेअरला पुन्हा पाहणीसाठी लेखी बोलवावे. बॅटरीच्या बाबतीत निदान यंत्राची छापील नोंद, त्रुटींचे कोड आणि इन्सुलेशनच्या तपासणीचा निकाल मागून घ्यावा. डोळ्यांना न दिसणाऱ्या नुकसानीचा पुरावा तोच असतो.

त्यानंतर कंपनीकडे सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागावी. ती मिळाल्यावर पाच स्तंभांचा एक तक्ता करावा : भागाचे नाव, वर्कशॉपची रक्कम, मान्य रक्कम, कपातीचे कारण आणि आपली हरकत. करारानुसार योग्य असलेली कपात ‘मान्य’ म्हणून स्पष्ट लिहावी. ज्यावर हरकत आहे, तेथे पॉलिसीतील कलम, वर्कशॉपचे लेखी मत वा तपासणीचा निकाल जोडावा.

बदलण्याऐवजी दुरुस्तीचा आग्रह धरला जात असेल, तर एक प्रश्न फार उपयोगी पडतो : ही दुरुस्ती निर्मात्याला मान्य आहे काय आणि तिच्यानंतर बॅटरीची हमी कायम राहील काय? याचे लेखी उत्तर ‘नाही’ असे असेल, तर ती दुरुस्ती स्वस्त कशी, हे कंपनीला सांगावे लागेल. रक्कम मोठी असल्यास स्वखर्चाने दुसऱ्या परवानाधारक सर्व्हेअरचे मत घेणेही श्रेयस्कर.

पैशांची निकड असते, मोटार सोडवायची असते आणि समोर ‘संपूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेले व्हाउचर येते. अशा वेळी ‘हरकत राखून स्वीकारले’ असे लिहून सही करावी आणि त्याच दिवशी ई-मेलनेही कळवावे. व्हाउचरवर सही केल्याने अधिक भरपाई मागण्याचा विमेदाराचा हक्क संपत नाही, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०१५ च्या परिपत्रकात म्हटले आहे. तरीही लिहून ठेवलेली हरकत नंतरच्या तोंडी खुलाशापेक्षा कितीतरी भक्कम असते.

दाद कोठे मागावी

नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअरचा अहवाल १५ दिवसांत यावा आणि तो मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने दाव्यावर निर्णय द्यावा, अशी अपेक्षा आहे. निर्णय मान्य नसेल, तर पहिली पायरी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याची. त्याचबरोबर प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ या व्यवस्थेतही तक्रार नोंदवता येते. १५५२५५ हा तिचा दूरध्वनी क्रमांक आहे.

एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर विमा लोकपालांकडे जावे. त्यांचे मुंबईचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला स्वामी विवेकानंद मार्गावरील जीवन सेवा ॲनेक्स इमारतीत आहे. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. शुल्क नाही, वकिलाची गरज नाही, किंबहुना वकिलाला तेथे स्थानच नाही. २०२३ पासून लोकपाल ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देऊ शकतात आणि त्यांचा निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो. विमेदाराला तो मान्य नसल्यास पुढचा मार्ग खुला राहतो. घरगुती मोटारीच्या मध्यम रकमेच्या वादासाठी हा मार्ग बहुधा सर्वांत सोयीचा.

ग्राहक आयोगाचा मार्ग दुसरा. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या वा कामाच्या ठिकाणच्या आयोगात दाद मागण्याची मोठी सोय दिली. दक्षिण मुंबई आणि मध्य मुंबई या जिल्हा आयोगांचा पत्ता गिरगाव-दादरच्या रहिवाशांना दूरचा नाही : परळला महात्मा गांधी रुग्णालयाजवळचे पुरवठा भवन. आयोगाची पात्रता भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे विम्याच्या हप्त्यावर ठरते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. मात्र आयोगात प्रकरण सुरू असताना लोकपाल त्याच तक्रारीची दखल घेत नाहीत; म्हणून क्रम विचारपूर्वक ठरवावा.

दोन्ही बाजूंचे माप

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांमध्ये हीनाधिक-मानोन्मानाचा उल्लेख आहे : देताना कमी मापाने द्यायचे आणि घेताना अधिक मापाने घ्यायचे. पेढीवरच्या तराजूसाठी सांगितलेला हा दोष विम्याच्या व्यवहारालाही जसाच्या तसा लागू पडतो. योग्य आधार न देता भरपाई कापणे हे हीन माप. तसेच, लालबागच्या एखाद्या अरुंद गल्लीत गेल्या वर्षी घासलेला दरवाजा या वर्षीच्या अपघातात घुसडणे, किंवा ‘कंपनी कापणारच’ म्हणून वर्कशॉपला आकडा फुगवायला सांगणे हे अधिक माप. विमा हा परम सद्भावाचा करार मानला जातो, तो दोन्ही पक्षांनी पाळण्यासाठी.

सचोटीचा येथे व्यवहारी लाभही आहे. फुगवलेल्या अंदाजपत्रकातील एक ओळ खोटी ठरली, की उरलेल्या खऱ्या ओळींवरही संशय घेतला जातो. पाहणीच्या वेळीच ‘हा ओरखडा जुना आहे, तो धरू नये’ असे सांगणाऱ्या विमेदाराचे बाकीचे म्हणणे सर्व्हेअर अधिक गांभीर्याने ऐकतो. आपले तेवढेच मागावे, आणि जे आपले आहे ते संकोचाने सोडूनही देऊ नये. वरील उदाहरणातील ७६,००० रुपये ज्याने स्वतः होऊन मान्य केले, त्याला उरलेले ५५,००० मागताना आवाज चढवण्याची गरज पडत नाही. त्याच्या हातात तक्ता असतो, वर्कशॉपचे पत्र असते आणि एका वर्षाची मुदत संपण्याची तारीख त्याने दिनदर्शिकेवर लिहून ठेवलेली असते.